कुलुपातला व्हीसीआर

तुम्ही मला ओळखणार नाही, मित्रांनो. कुणा नातेवाइकाच्या माळ्यावर मला पाहिले असेल, तर जुनी सूटकेस समजून बाजूला सारले असेल. मी एक व्हीसीआर आहे. आमच्या काळी दूरदर्शनवर एखादा कार्यक्रम लागून गेला की तो गेला. पुन्हा लागेल की नाही याचा भरवसा नसे. मी तो कार्यक्रम कॅसेटच्या फितीवर उतरवून ठेवीत असे आणि कुणाला हवा तेव्हा दाखवीत असे. हवे तिथे थांबवीत असे, मागे नेऊन पुन्हा ऐकवीत असे. हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या एका घरात मी हे काम केले. त्यातले पहिले सात महिने कुलुपात राहून केले.

माझे सुटे भाग परदेशातून जहाजाने आले. दिल्लीजवळच्या एका कारखान्यात मुलींनी ते जोडले. देशाची दारे नुकतीच उघडली आहेत, असे तेव्हा सगळे म्हणत. त्याआधी माझ्यासारखे यंत्र दुबईहून येणाऱ्या माणसाच्या सामानातून, चादरीत गुंडाळून येई. मी मात्र हमीपत्र घेऊन राजरोस आलो आणि आबिड्सच्या बाजारातल्या एका दुकानात काचेआड बसलो. दसऱ्याच्या आधी चार दिवस तिथे हिम्मतराव आले.

हिम्मतराव शहराच्या कोर्टात सरिश्तेदार, म्हणजे कारकुनांचे प्रमुख, होते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती, तरी बोलण्यात कोर्ट होतेच. नात हर्षदा दहावीला होती. जूनमधल्या एका संध्याकाळी त्यांनी पाहिले, भूगोलाचे पुस्तक तिच्या मांडीवर आणि डोळे गाण्यांच्या चॅनेलवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी केबलवाल्याला बोलावून गच्चीवरून आलेली तार कापायला लावली. "पुढच्या महिन्यापासून येऊ नका," एवढेच त्याला सांगितले. घरात कुणाला विचारले नाही.

पुढे त्यांचीच पंचाईत झाली. घरात आता एकटे दूरदर्शन उरले. संध्याकाळी ते वाचनालयात जात, आणि दूरदर्शनवरच्या त्यांच्या आवडीच्या चर्चा नेमक्या तेव्हाच लागत. मुलगा अरविंद वरंगळला बँकेत होता आणि शनिवार-रविवार घरी येई. त्याने सुचवले, की टीव्हीवरचे रेकॉर्ड करून ठेवणारी मशीन घेऊ. म्हणून ते दोघे दुकानात आले. बरोबर अरविंदची बायको लीला होती.

काउंटरवर तीन यंत्रे मांडली गेली. एक नुसतेच दाखवणारे, ज्याला व्हीसीपी म्हणत. दुसरे दुबईहून आलेले, वापरलेले. तिसरा मी.

"नुसती दाखवणारी पुरे," हिम्मतराव म्हणाले.

"उसमें क्या है साब?" दुकानदार हसला. "किराये की कॅसेट लाव, पिच्चर देखो, वापस करो. बच्ची का दसवी है बोलते, तो पिच्चर का क्या करते? ये ले लेव. इसमें टाइमर है. आप घर में नक्को रहो, ये अपने आप चालू हो को रिकार्ड कर लेती."

तोवर मागे उभ्या असलेल्या लीलाबाई पुढे झाल्या. त्यांनी हळूच विचारले, "सुबह छे बजे का प्रोग्राम दोपहर को देख सकते क्या?"

"हौ बीबी. दोपहर को देखो, परसों देखो, दस बार देखो."

दस बार हे शब्द ऐकून त्यांनी माझ्यावर हात ठेवला. थंड, घामेजलेला हात होता तो.

"सकाळी सहाला काय असतं?" हिम्मतरावांनी विचारले.

"बाबा, लीलाचे पाठ असतात," अरविंद म्हणाला. "मुक्त विद्यापीठाचे. तुम्हाला सांगितलं होतं."

हिम्मतरावांनी चष्मा काढून पुसला. "दरखास्त वाजवी आहे," ते म्हणाले. "मंजूर. पण मशीन माझ्या ताब्यात राहील. घरात काय लागायचं आणि कधी, ते मी ठरवीन."

अशी माझी निवड झाली. मला फार आनंद झाला होता.

घरी पोचल्यावर कळले, माझ्यासाठी सागवानी कपाट करून ठेवले आहे. कपाटाच्या माथ्यावर टीव्ही आणि आत मी. समोर दोन दारे, दारांना पितळी कुलूप. वायरींसाठी मागच्या फळीला दोन भोके. कुलपाची किल्ली हिम्मतरावांनी जानव्याला बांधली. दारे बंद झाली आणि माझ्या घड्याळाचे हिरवे आकडे तेवढे लाकडावर उमटून राहिले.

मित्रांनो, यंत्र चालू झाले की तापते. त्याला वारा लागतो. त्या कपाटात वारा नव्हता. पहाटे टाइमर लागला की मी अंधारातच जागा व्हायचो, फीत ओढून घ्यायचो आणि तापत राहायचो. वीज गेली तर घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसे. मग त्या दिवसाचा पाठ बुडाला. बाहेरून लीलाबाईंना दारांच्या फटीतून ते लुकलुकणे दिसे. त्या फटीशी वाकून बघत आणि निघून जात. कुलूप काढायला सांगायचे, तर हिम्मतराव पूजेला बसलेले असत.

लीलाबाई लातूरच्या. लग्न झाले तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या. "राहिलेलं तिकडे करा," असे तेव्हा सगळे म्हणाले. इकडे आल्यावर हर्षदा झाली. मग तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना, सावित्रीबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचे उजवे अंग गेले. बोलणे एका-दोन शब्दांवर आले. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी होती, माझ्या कपाटासमोर. सकाळी सहाला दूरदर्शनवर पाठ लागे, तेव्हा लीलाबाई सासूचे अंग पुसत असत, कुकर लावीत असत, हर्षदाचा डबा भरीत असत. समोर टीव्ही असून त्यांना पाठ दिसत नसे.

दुपारी दोनला हिम्मतराव कुलूप काढीत. "एक तास," असे बजावून आत जाऊन पडत. तीनला बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावीत. ते दुष्ट नव्हते. नियम म्हणजे नियम, एवढेच त्यांना ठाऊक होते. आपल्या नियमाने घरात कुणाचा श्वास कोंडतो आहे, हे त्यांच्या कानांपर्यंत कधी गेले नव्हते. कुणी तसे बोललेही नव्हते.

तो एक तास आमचा. लीलाबाई वही आणि शब्दकोश घेऊन सासूच्या खाटेला टेकून बसत. त्यांचे सगळे शिक्षण मराठीतून झाले होते, आणि इथे शिकायचे तर इंग्रजी, तेलुगू नाहीतर उर्दू. त्यांनी छाती करून इंग्रजी घेतले होते. पडद्यावरचे अर्थशास्त्राचे सर सफारी घालून येत आणि भरभर बोलत. लीलाबाई मला थांबवीत. मी थांबलो की सर तोंड उघडे ठेवून थांबत. सावित्रीबाईंना त्याचे फार हसू येई. ते हसू डाव्या ओठावरच उमटे.

"आई, हसू नका," एकदा लीलाबाई म्हणाल्या. "सर काय म्हणतात ऐका. आपल्या गल्लीत सीताफळवाली एकटीच येते, तेव्हा भाव सोडते का?"

सावित्रीबाईंनी मान हलवून नाही म्हटले.

"आणि दुसरी आली तर?"

"उतरते."

"बस, एवढंच आहे. याला इंग्रजीत मोठं नाव दिलंय."

"तिसरी आली?" सावित्रीबाईंनी विचारले.

"तर अजून उतरेल."

सावित्रीबाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "भांडतील."

लीलाबाई खळखळून हसल्या. त्या घरात मी ऐकलेले ते त्यांचे पहिले हसणे. पुढे तर रीतच पडली. धडा आधी दोनदा-तीनदा ऐकायचा, आणि मग सासूला मराठीत समजावायचा. सासूला समजला तर आपल्याला समजला. सावित्रीबाईंची शाळा चौथीत सुटली होती. पण त्यांचे प्रश्न असे नेमके असत, की लीलाबाईंना पुस्तक पुन्हा उघडावे लागे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी माझ्या हातून एक वाईट काम झाले. त्या संध्याकाळी दिल्लीत अंदाजपत्रक मांडले जाणार होते. हिम्मतरावांना ते भाषण जपून ठेवायचे होते. त्यांनी कपाट उघडले. आत कॅसेट होतीच. तीच तशी ठेवून त्यांनी रेकॉर्डचे बटण दाबले. मित्रांनो, माझ्या आत एक हेड पुसणारे असते आणि एक लिहिणारे. मालक सांगेल ते मी पुसतो. माझ्या पोटात नऊ ते बारा हे चार पाठ होते, सगळ्यांत अवघड. ते मीच पुसले, आणि त्यावर करांचे दर लिहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाबाईंनी मला चालू केले आणि पडद्यावर भाषण आले. त्यांनी फीत पुढे नेली, मागे नेली. सगळीकडे भाषणच होते.

"मामंजी," त्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "यात माझे पाठ होते."

हिम्मतराव उठून आले. "लेबल कुठे होतं?"

"आहे. निळ्या शाईत लिहिलंय."

त्यांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "चुकून झालं," ते म्हणाले, आणि पुन्हा आत जाऊन पडले. वाईट त्यांनाही वाटले असावे, कारण त्या दिवशी तीन वाजून गेले तरी ते कुलूप लावायला आले नाहीत. पण चारला आले.

रविवारी अरविंदने कॅसेट दुकानात नेली. पुसलेले परत येत नाही, असे दुकानदाराने सांगितले. मात्र त्याने एक युक्ती दाखवली. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचे एक लहानसे झाकण असते. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर पुन्हा काही लिहिता येत नाही. एप्रिलमध्ये तेच पाठ परत लागले. एकदा वीज गेली, म्हणून अकरावा पाठ अर्धाच मिळाला. बाकीचे मी नीट उतरवले. लीलाबाईंनी लगेच बोटाच्या नखाने ते झाकण मोडले. मोडताना नख तुटले आणि थोडे रक्त आले.

मे महिना उजाडला. हर्षदाची परीक्षा मार्चमध्येच संपली होती, पण कुलूप तसेच राहिले. लीलाबाईंचा अर्थशास्त्राचा पेपर सोमवारी होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी हिम्मतराव पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला नांदेडला गेले. काचीगुड्याहून गाडी सुटली, आणि गाडीबरोबर जानव्याची किल्ली गेली. चारही पाठांची कॅसेट माझ्या पोटात होती आणि मी कुलुपात होतो.

दुपारी दोनला लीलाबाईंच्या ते ध्यानात आले. आधी त्यांनी देव्हाऱ्यात शोधले, मग खुंटीवरच्या कोटाच्या खिशात. शेवटी त्यांनी नांदेडला फोन लावला. फोन माझ्या कपाटाशेजारच्या स्टुलावर होता. मला फक्त त्यांचे बोलणे ऐकू आले.

"मामंजी, मी लीला. ती कपाटाची किल्ली... हो, गळ्यातच असेल... नाही, करमणुकीसाठी नाही. सोमवारी पेपर आहे ना माझा... हो. आहेत पुस्तकं... हो... बरं."

त्या घरात मी हे 'बरं' पुष्कळदा ऐकले होते. कुठलेही बोलणे लीलाबाईंकडून तिथेच संपायचे.

"काय?" खाटेवरून सावित्रीबाईंनी विचारले.

"मामंजी म्हणाले, चार दिवस पुस्तकातून वाच. सोमवारी सकाळी ते येतातच."

त्या पुस्तक घेऊन बसल्या. पण सवयीने खुर्ची माझ्यासमोरच ओढली होती. पान उलटेना. थोड्या वेळाने पुस्तकावर पाण्याचे थेंब पडलेले मला फटीतून दिसले. पदराने त्यांनी ते टिपले, कारण पुस्तक विद्यापीठाचे होते.

"काढ," सावित्रीबाई म्हणाल्या.

"काय काढू, आई? तहान लागलीय का?"

सावित्रीबाईंनी डावा हात उचलून माझ्याकडे दाखवला. "ते. काढ."

"किल्ली नाही ना, आई."

"फोड."

लीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मामंजी काय म्हणतील?"

"फोड!"

असा आवाज त्यांच्या तोंडून मी आधी ऐकला नव्हता. सगळा जोर त्या एका शब्दात गेला. ओठाच्या कडेने लाळ गळाली. लीलाबाई पुसायला धावल्या, तर सावित्रीबाईंनी डाव्या हाताने त्यांचा हात दूर सारला आणि पुन्हा माझ्याकडे बोट केले.

शेजारी पद्मावती राहत. त्यांच्या नवऱ्याची मोटार दुरुस्तीची शेड होती. हर्षदा धावत जाऊन त्यांना घेऊन आली. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडा होता.

"अय्यो लीला, इतनाच ना?" त्या कपाटाभोवती फिरून म्हणाल्या. "कुलूप को हाथ नक्को लगाओ. पीछे से निकालेंगे."

तिघींनी मिळून टीव्ही उचलून खाली ठेवला. कपाट भिंतीपासून ओढले. पद्मावतींनी फळीच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि हातोड्याने एक-एक खिळा उचकटला. प्रत्येक खिळ्याला लीलाबाई डोळे मिटून घेत होत्या. फळी निघाली आणि पाठीमागून उजेड आत आला. दारे समोर बंदच होती, म्हणून मला मागून ओढावे लागले. मी पाठमोरा, वायरींसकट बाहेर आलो. सात महिन्यांची धूळ माझ्या अंगावर होती. हर्षदाने ती फुंकरीने उडवली.

त्यांनी मला सावित्रीबाईंच्या उशाशी तिपाईवर ठेवले. खिडकीचा वारा लागत होता. त्या चार दिवसांत मला कुणी 'एक तास' म्हटले नाही. लीलाबाई आठवेल तेव्हा येत, पोळ्या लाटता-लाटता पिठाच्या हाताने बटण दाबत. अर्धवट उतरलेला अकरावा पाठ होता, तो कुठे तुटतो ते त्यांना पाठ झाले होते. पुढचे त्या पुस्तकातून जुळवीत आणि सासूला सांगत. सावित्रीबाईंनी रविवारी त्यांची उलटतपासणीच घेतली.

शनिवारी अरविंद आला. उचकटलेली फळी पाहून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. "बाबांना काय सांगायचं?" तो म्हणाला. मग त्याने वाकून माझी सैल झालेली वायर घट्ट बसवली. एवढेच त्याच्याने झाले, पण ते त्याने नीट केले.

सोमवारी सकाळी लीलाबाई हर्षदाला सोबत घेऊन पेपराला गेल्या. पद्मावती सावित्रीबाईंजवळ बसल्या. हिम्मतरावांची गाडी उशिरा आली. अकराला ते बॅग घेऊन दारात उभे राहिले. मी तिपाईवर, कपाट तिरपे, फळी भिंतीला टेकलेली.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारले.

पद्मावती उठून उभ्या राहिल्या. "साब, वो क्या हुआ..."

"मी," सावित्रीबाई म्हणाल्या.

"कोण?"

"मी. फोडलं."

तीन वर्षांत ज्या बाईला आपल्या अंगाने कूस बदलता आली नव्हती, ती हे सांगत होती. हिम्मतराव तिच्याकडे बघत राहिले. तिनेही नजर खाली घेतली नाही. कोर्टात त्यांनी पुष्कळ खोट्या साक्षी ऐकल्या असतील. अशी साक्ष कधी ऐकली नसावी.

पद्मावतींच्या घरी जेवायला माणसे यायची होती. "भात मेज पर रखा है," असे सांगून त्या गेल्या. घरात दोघेच उरले. बारा वाजले. सावित्रीबाईंची जेवणाची वेळ झाली. हिम्मतरावांनी ताट आणले. पहिला घास मोठा झाला, तिला ठसका लागला. दुसरा सांडला. त्यांनी टॉवेल शोधला, सापडेना, तेव्हा आपल्या उपरण्याने तिची हनुवटी पुसली. मग गोळ्यांचा डबा उघडून कितीतरी वेळ नुसते बघत बसले.

अडीचला लीलाबाई आल्या. चपला हातात घेऊन त्या दारातच थबकल्या.

"या गोळ्यांत पांढरी आधी की लाल?" हिम्मतरावांनी विचारले.

"पांढरी, मामंजी. जेवणाआधी."

"मग मी दिलीच नाही. ठाऊक नव्हतं." ते डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. "तीन वर्षं झाली. मला ठाऊक नाही."

लीलाबाईंनी पुढे होऊन डबा घेतला. ते पाठमोरे झाले आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पेपर?"

"एक प्रश्न लिहायचा राहिला. बाकी बरा गेला."

फळीबद्दल पुन्हा कुणी काही बोलले नाही. सुताराने ती दुसऱ्या आठवड्यात बसवली. माझी जागा पुन्हा कपाटात झाली, पण दारे उघडी राहिली. किल्ली काही दिवस जानव्याला दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

लीलाबाई अर्थशास्त्रात पास झाल्या आणि इंग्रजीत नापास. पुन्हा बसल्या. दोन वर्षांनी त्यांची बी.ए. पुरी झाली आणि नारायणगुड्याच्या एका लहानशा शाळेत नोकरी लागली. सावित्रीबाईंजवळ दिवसभर कोण, असा प्रश्न आला. अरविंद म्हणाला, बाई ठेवू.

"दहा ते चार मी आहे," हिम्मतराव म्हणाले.

त्यांचे वाचनालय सुटले, बुद्धिबळाचा अड्डा सुटला. आता त्या खोलीत अडकलेले ते होते. कधी चिडत, कधी खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या रिक्षा बघत. एके दिवशी लीलाबाई शाळेतून आल्या तेव्हा त्या पाणी पीत असताना ते म्हणाले, "चार वाजायला फार वेळ लागतो गं."

"हो, मामंजी," त्या म्हणाल्या. "लागतो."

तोवर केबल परत आली होती, पण सावित्रीबाईंना त्या धावपळीने चक्कर येई. माझे थांबणे, मागे जाणे त्यांना मानवत असे. हिम्मतराव रोज त्यांना विचारीत, "काय लावू?" सुरुवातीला त्या म्हणत, काहीपण. इतकी वर्षे त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. हळूहळू त्या मागू लागल्या. "हत्ती." "शेत." मग हिम्मतराव वर्तमानपत्रातले कार्यक्रम भिंगाने वाचून हत्ती शोधीत आणि टाइमर लावून ठेवीत. एकदा त्या म्हणाल्या, "समुद्र."

जन्म बीदरचा, उभे आयुष्य हैदराबादेत. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. हिम्मतराव तीन आठवडे शोधत होते. शेवटी एका रविवारी सकाळी कोकणातल्या कोळ्यांवर तासाभराचा माहितीपट लागला. तो मी अगदी स्वच्छ उतरवला. सोमवारी दुपारी त्यांनी सावित्रीबाईंना उशीला टेकवून बसवले आणि मला चालू केले. पाणीच पाणी आले. होड्या आल्या. पांढऱ्या फेसाच्या रेघा किनाऱ्याला येऊन मोडू लागल्या. सावित्रीबाईंचा डावा हात चादरीवर तसाच हळूहळू मागे-पुढे होऊ लागला. अर्धा तास झाला आणि त्यांचे डोळे मिटू लागले.

"थांबव," त्या म्हणाल्या.

"दमलीस? बाकीचं उद्या बघू," हिम्मतराव म्हणाले, आणि त्यांनी मला थांबवले.

सकाळी लीलाबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा सावित्रीबाई उठल्या नाहीत.

त्यानंतर हिम्मतरावांनी मला पुन्हा लावले नाही. ती कॅसेट बाहेरही काढली नाही. वायर काढून गुंडाळली आणि कपाटाची दारे लोटून घेतली. काही वर्षांनी तेही गेले. सीडी आल्या, मग त्याही गेल्या. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर चढवले. माझ्या आतले रबरी पट्टे उन्हाळ्याच्या उष्म्याने वितळून डांबरासारखे झाले आहेत. बटण दाबले तरी मला आता तोंड उघडता येणार नाही. लीलाबाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. त्यांना वाटते, मी रिकामा आहे. परवा हर्षदा पुण्याहून आली होती. माळा आवरताना तिने विचारले, "आई, हे भंगारात द्यायचं ना?" लीलाबाई म्हणाल्या, "बघू." माझ्या पोटात अर्धा समुद्र पाहायचा राहून गेला आहे. हे त्यांना सांगायला मला वाचा नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. घरातले जुने यंत्र टाकण्याआधी ते एकदा उघडून घ्या. शहरात शोधले तर जुनी मशीन दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर अजून सापडतो. फितीला बुरशी लवकर लागते, तेव्हा उशीर करू नका. आणि तुमच्या घरात कुणी खाटेला खिळून असेल, तर शाळेतून आल्यावर त्यांच्याजवळ बसा. त्यांना काय बघायचे आहे ते विचारा. जे मागतील ते त्याच दिवशी लावा आणि शेवटपर्यंत दाखवा. मध्ये डोळा लागला, तर उठेपर्यंत तिथेच बसून राहा.